उत्तरेची सडक आणि सांथीचे दिवस

सन २०२० च्या ऑगस्ट महिन्यांत कॅनडाच्या दक्षिण सरहद्दीवरील ॲबट्सफर्डच्या नाक्यावर एखादी अमेरिकन घरगाडी येऊन उभी राहिली, म्हणजे तेथील अंमलदार आंतील मंडळींची बारकाईनें चौकशी करी. अलास्कांत तुमचें घर आहे काय? नोकरी आहे काय? कीं सुट्टी घालविण्यासाठीं निघालां आहांत? सुट्टीसाठीं निघालेल्या कुटुंबास तेथूनच माघारी फिरावें लागे. घरीं अगर कामावर जाणाऱ्यांस वाट मिळे; पण त्यांच्या गाडींतील आरशाला एक बिल्ला अडकविण्यांत येई, आणि कॅनडांतून बाहेर पडण्याची तारीख त्यावर घातलेली असे. जवळांत जवळचा रस्ता धरावा, राष्ट्रीय उद्यानांत किंवा करमणुकीच्या स्थळीं थांबूं नये, पेट्रोल भरावयास उतरतांना मुखपट्टी असावी, आणि देश सोडतांना नाक्यावर पुन्हां वर्दी द्यावी, अशा अटी होत्या. यूकॉन प्रदेशाची हद्द लागली, म्हणजे तो ओलांडून जाण्यास चोवीस तासांचीच मुदत मिळे.

गाडीच्या खिडकीशीं बसलेल्या मुलांस हें सारें चमत्कारिक वाटलें असल्यास नवल नाहीं. बाहेर मैलोगणती स्प्रूस वृक्षांचें अरण्य, मधून मधून निळीं सरोवरें, क्षितिजावर बर्फाचीं शिखरें, आणि तासन् तास माणसाचा मागमूस नाहीं. ज्या मुलुखांत माणसांपेक्षां झाडांचीच वस्ती दाट, तेथें रोगाची एवढी धास्ती कशासाठीं? या प्रश्नाचें उत्तर त्या सडकेच्या, आणि सडक होण्यापूर्वीं तेथें असलेल्या वाटांच्या, शंभर वर्षांच्या इतिहासांत आहे.

अलास्का हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा भाग खरा. सन १८६७ मध्यें तो रशियाकडून विकत घेण्यांत आला. परंतु बाकीच्या संस्थानांपासून तो तुटलेला असून मध्यें कॅनडा पसरला आहे. जमिनीवरून अलास्कांत जावयाचें, तर कॅनडांतून गेल्यावांचून गत्यंतर नाहीं. या मार्गाचा मुख्य भाग म्हणजे अलास्का हायवे. ब्रिटिश कोलंबियांतील डॉसन क्रीक येथें तो सुरू होतो, आणि फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, टेस्लिन, व्हाइटहॉर्स, बीव्हर क्रीक हीं गांवें घेत घेत अलास्कांतील डेल्टा जंक्शन येथें संपतो. वळणें सरळ करीत करीत आज त्याची लांबी सुमारें १,३८७ मैल राहिली आहे.

ज्या घरगाडींतून हीं कुटुंबें जात, तिलाही स्वतःचा इतिहास आहे. बिछाने, चूल, पाण्याची टांकी, शौचकूप असा सगळा संसार पोटांत घेऊन धांवणाऱ्या या वाहनास अमेरिकन लोक ‘आर. व्ही.’ या दोन अक्षरांनीं ओळखतात. पिअर्स-ॲरो या मोटारकंपनीनें अशा प्रकारची एक गाडी १९१० सालींच प्रदर्शनांत मांडली होती. पुढें १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा येथें मोटारीस तंबू व डबे बांधून भटकणाऱ्या हौशी लोकांनीं ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नांवाचा संघ काढला. करोनाच्या सांथींत विमानें आणि हॉटेलें लोकांस भयावह वाटूं लागलीं, तेव्हां या गाड्यांना पूर्वीं कधीं नव्हता एवढा खप आला. एकट्या २०२१ सालीं उत्तर अमेरिकेंतील कारखान्यांतून सहा लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. आपलें अंथरूण आपल्याजवळ, आपली चूल आपल्याजवळ. मग कोणाचा स्पर्श नको आणि कोणास आपला उपद्रव नको, असा लोकांचा हिशेब होता.

हा हिशेब शहराच्या आसपास ठीक होता. उत्तरेच्या सडकेवर मात्र तो पुरता जुळत नसे. घरगाडीला पेट्रोल लागतें, आणि एवढ्या लांबच्या प्रवासांत शिधाही सरतो. तेथें एका पेट्रोलपंपापासून दुसरा पंप साठ-सत्तर मैल दूर असावयाचा, आणि त्या पंपाशेजारचें एकुलतें एक दुकान म्हणजेच शे-दोनशे वस्तीच्या गांवाचा बाजार. वाटसरू ज्या दाराची मूठ धरून आंत जाई, तीच मूठ पांच मिनिटांनीं गांवांतील एखादी आजीबाई धरी. दवाखाना असलाच तर एखाद्या परिचारिकेचा. मोठें इस्पितळ शेंकडों मैलांवर. अशा ठिकाणीं एक रोगी आला तर गांव हादरतें, हें तेथल्या लोकांना कोणी शिकवावें लागत नव्हतें. त्यांच्या आजोबांनीं तें पाहिलें होतें.

ज्या इन्फ्लुएंझाला महाराष्ट्रांत मानमोडी असें नांव पडलें, आणि जो १९१८ च्या जूनमध्यें मुंबई बंदरांत उतरून देशभर पसरला, तोच ताप त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम या गांवीं पोंचला. सिॲटलहून निघालेल्या ‘व्हिक्टोरिया’ या आगबोटीबरोबर तो आला. उतारूंची तपासणी झाली होती, टपालाच्या थैल्यांना धुरी देण्यांत आली होती. तरी व्हावयाचें तें झालें. पुढें समुद्र गोठला, बोटी बंद झाल्या. परंतु कुत्र्यांनीं ओढलेल्या घसरगाड्या बर्फावरून टपाल घेऊन गांवोगांव जात, आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. टेलर मिशन, म्हणजे आजचें ब्रेव्हिग मिशन, येथें सुमारें ८० माणसांची वस्ती होती. नोव्हेंबरच्या १५ तारखेपासून २० तारखेपर्यंतच्या पांच दिवसांत त्यांतलीं ७२ माणसें मरण पावलीं. त्या प्रदेशांत कित्येक ठिकाणीं घरांतील सर्व कर्तीं माणसें एकदम अंथरुणास खिळलीं. लांकूड तोडावयास व शिकार आणावयास कोणी उरलें नाहीं. आणि जे तापांतून वांचले त्यांतले पुष्कळ थंडीनें व भुकेनें गेले.

त्या वेळीं टॉमस रिग्ज हे अलास्काचे गव्हर्नर होते. त्यांनीं बंदरांवर व वाटांच्या तोंडांशीं पहारे बसविले आणि मूळ रहिवाशांच्या गांवांमधील येरझारा थांबविल्या. बऱ्याच गांवांना हें संरक्षण उशिरा पोंचलें. शिश्मारेफ या एस्किमो गांवानें मात्र आपल्या वाटेवर स्वतःचे पहारेकरी उभे केले आणि कोणासही आंत येऊं दिलें नाहीं. शेजारच्या किनाऱ्यावर गांवेंच्या गांवें ओस पडत असतां शिश्मारेफ वांचलें. तेव्हांपासून उत्तरेंतील लोकांच्या मनांत एक गोष्ट पक्की बसली: सांथीचें औषध हातीं नसेल, तर वाट अडविणें हेंच औषध.

ब्रेव्हिग मिशनच्या त्या दुर्दैवी लोकांना एका मोठ्या खड्ड्यांत पुरण्यांत आलें होतें. तेथील जमीन बाराही महिने गोठलेली. सन १९५१ मध्यें जोहान हल्टिन हा तरुण संशोधक तेथें गेला. गांवच्या वडीलधाऱ्यांची परवानगी मागून त्यानें तो खड्डा उकरला. परंतु त्यानें नेलेल्या नमुन्यांतून रोगबीज कांहीं जिवंत होईना. शेहेचाळीस वर्षांनीं, १९९७ सालीं, बहात्तर वर्षांचा झालेला तोच हल्टिन पुन्हां आला, पुन्हां परवानगी मागितली, आणि बर्फांत टिकून राहिलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसाचे तुकडे त्यानें डॉ. जेफरी टॉबेनबर्गर या संशोधकाकडे पाठविले. त्यांवरून २००५ सालीं १९१८ च्या विषाणूची संपूर्ण जडणघडण जगास कळली. ज्या गांवास बाहेरच्या जगानें मृत्यु पाठविला, त्यानें जगाला हें ज्ञान दिलें. आणि तें मागणाऱ्यानें दोन्ही वेळां आधीं विचारलें होतें, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

वाटेवरून रोग येतो, तसें औषधही येतें. त्याचा प्रत्यय नोमलाच सात वर्षांच्या आंत आला. सन १९२५ च्या जानेवारींत त्या गांवांत मुलांना घटसर्प होऊं लागला. डॉ. कर्टिस वेल्च यांच्याजवळची लस जुनी होऊन गेली होती. समुद्र गोठलेला; त्या काळचीं विमानें उघड्या बैठकीचीं, तीं त्या थंडींत चालविणें धोक्याचें. अँकरेज येथील रेल्वेच्या इस्पितळांत तीन लाख एककांचा (युनिटांचा) साठा सांपडला. तो आगगाडीनें नेनाना स्टेशनापर्यंत नेला, आणि तेथून पुढचे ६७४ मैल कुत्र्यांच्या घसरगाड्यांनीं. वीस गाडीवान आणि सुमारें दीडशें कुत्रे यांनीं एकमेकांच्या हातीं ती पेटी देत देत साडेपांच दिवसांत, फेब्रुवारीच्या २ तारखेस पहांटे, ती नोमला पोंचविली. या गाडीवानांत मूळ रहिवाशांची संख्या मोठी होती. सर्वांत लांबचा व धोक्याचा टप्पा लिओनार्ड सेपाला यानें टोगो या कुत्र्याला पुढें घालून मारला. शेवटचा टप्पा गुन्नार कासेन यानें केला व त्याचा अग्रेसर बाल्टो होता. ज्या प्रकारच्या घसरगाड्यांनीं १९१८ सालीं टपालाबरोबर मृत्यु नेला, तसल्याच गाड्यांनीं या वेळीं जीवदान नेलें.

यानंतर सतरा वर्षांनीं खुद्द सडक आली, आणि ती लढाईमुळें आली. जपाननें डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर अलास्का उघडा पडल्याची भीति अमेरिकन सरकारास वाटूं लागली. फेब्रुवारी १९४२ मध्यें सडकेला मंजुरी मिळाली. ८ मार्चला काम सुरू झालें. दहा हजारांवर सैनिक कामावर जुंपले गेले. त्यांतील सुमारें एक तृतीयांश कृष्णवर्णी होते. त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवलेल्या, आणि पुष्कळांना जन्मांत बर्फ ठाऊक नव्हतें. दलदल, डांस आणि हाडें गोठविणारी थंडी यांना तोंड देत त्यांनीं आठ महिन्यांच्या आंत अरण्य चिरून वाट काढली. ऑक्टोबर १९४२ च्या अखेरीस बीव्हर क्रीकजवळ दोन बाजूंनीं येणारीं बुलडोझर यंत्रें समोरासमोर भेटलीं. एकावर कृष्णवर्णी कॉर्पोरल रेफाइन्स सिम्स होता, दुसऱ्यावर गौरवर्णी शिपाई आल्फ्रेड जालुफ्का. २० नोव्हेंबरला क्लुएन सरोवरावरील सोल्जर्स समिट येथें सडकेचें उद्घाटन झालें.

हें काम पराक्रमाचें होतें, यांत संशय नाहीं. पण ज्यांच्या शिकारीच्या रानांतून ती सडक गेली, त्या लोकांना कोणी विचारलें नव्हतें. वाट दाखविण्यापुरती त्यांची मदत घेतली. कारक्रॉसचा जॉनी जॉन्स यासारख्या वाटाड्यांच्या माहितीवर कांहीं भागांची आंखणी झाली. सडकेबरोबर हजारों परके लोक आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रोग. टेस्लिन येथील ट्लिंगिट लोकांवर त्या सुमारास जें कोसळलें, त्याची हकीकत डॉ. मार्चंड यांनीं १९४३ सालीं एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. एका वर्षाच्या आंत त्या लहानशा गांवांत गोंवर, जर्मन गोंवर, आमांश, कावीळ, डांग्या खोकला, गालगुंड, घशाचा दाह आणि मस्तिष्कावरणाचा दाह अशा आठ सांथी एकीमागून एक येऊन गेल्या. शहरांतल्या माणसाचे हे रोग त्या काळीं लहानपणींच होऊन जात. ज्या लोकांना त्यांचा कधीं संबंधच आला नव्हता, त्यांच्यांत तरुण व म्हातारे एकदमच आजारी पडत. शिश्मारेफप्रमाणें पहारा बसविणें टेस्लिनला शक्य नव्हतें. लष्करी सडकेवर पहारा लष्कराचा असतो.

सन १९४८ मध्यें ही सडक सर्वसामान्य प्रवाशांस मोकळी झाली. दुसऱ्याच वर्षीं ‘माइलपोस्ट’ हें मैलागणिक माहिती देणारें पुस्तक निघालें; आजही घरगाडींतील माणसें तें मांडीवर घेऊन प्रवास करतात. वॉटसन लेक येथें १९४२ सालीं घराची ओढ लागलेल्या कार्ल लिंडली नांवाच्या सैनिकानें आपल्या गांवाच्या नांवाची पाटी खांबाला ठोंकली होती. पुढें येणाऱ्याजाणाऱ्यांनीं आपापल्या गांवांच्या पाट्या ठोंकल्या, आणि आज तेथें हजारों पाट्यांचें रानच उभें आहे. उन्हाळ्यांतील पाहुण्यांवर गांवांची मिळकत अवलंबून राहूं लागली. पाहुणा नको असें म्हणणें त्यांना आतां परवडण्यासारखें नव्हतें.

पण दरम्यान आणखी एक बदल झाला होता, आणि सडकेवरून झरकन् निघून जाणाऱ्याच्या तो दृष्टीस पडत नाहीं. सन १९७३ च्या फेब्रुवारींत एलायजा स्मिथ यांच्या पुढारीपणाखालीं यूकॉनमधील मूळ रहिवाशांचें शिष्टमंडळ ऑटाव्यास जाऊन पंतप्रधान पिअर ट्रूडो यांस भेटलें, आणि आपल्या जमिनीचा व स्वराज्याचा प्रश्न त्यांनीं लेखी मांडला. वीस वर्षें वाटाघाटी चालल्या. शेवटीं १९९३ सालीं करार झाला, आणि १९९५ पासून पहिलीं चार ‘आद्य राष्ट्रें’ आपापला कारभार पाहूं लागलीं. त्या चारांत एक होतें टेस्लिन. आठ सांथी मुकाट्यानें सोसलेल्या त्या गांवास आतां स्वतःचें सरकार होतें.

म्हणून २०२० सालची गोष्ट १९४२ पेक्षां वेगळी घडली. सांथ येतांच २१ मार्चला दोन्ही देशांनीं अनावश्यक प्रवास बंद केला. अलास्काला जाण्याची सबब सांगून कांहीं लोक कॅनडांत पर्यटन करूं लागले. बँफच्या राष्ट्रीय उद्यानांत सांपडलेल्या कांहीं अमेरिकनांना पोलिसांनीं जूनमध्यें दंडही केला. त्यानंतर ३१ जुलैपासून पश्चिमेकडील पांचच नाक्यांतून प्रवेश आणि आरशावरचा बिल्ला हे नियम आले. सडकेपासून दूर, विमानावांचून पोंचतां न येणाऱ्या ओल्ड क्रो गांवीं त्याच मार्चमध्यें क्वेबेकहून एक जोडपें सांथीपासून आसरा शोधीत जाऊन ठेपलें. मुख्य डाना टिझिया-ट्रॅम यांच्या सरकारनें त्यांना अलग ठेविलें आणि लौकरच परत रवाना केलें. परक्यांनीं आपल्या गांवाचा असा आसरा करूं नये, हें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें. आणि तें सांगण्याचा त्यांचा अधिकार कोणी नाकारला नाहीं.

पुढच्या जानेवारींत लस आली. यूकॉन सरकारनें गांवोगांव फिरणारीं लसीकरण पथकें तयार केलीं, आणि त्यांना नांवें दिलीं बाल्टो व टोगो. शहाण्णव वर्षांपूर्वींच्या त्या कुत्र्यांचा विसर उत्तरेला पडला नव्हता. जेथें म्हातारीं माणसें फार आणि इस्पितळ दूर, अशा गांवांना प्रथम लस द्यावयाची असें ठरलें. बीव्हर क्रीक हें त्यांतलेंच एक. त्या शंभरेक वस्तीच्या गांवीं व्हँकुव्हरहून एक जोडपें विमान भाड्यानें करून गेलें, आपण येथल्या मोटेलांत कामास आहों अशी बतावणी केली, आणि लस टोंचून घेतली. विमानतळावर नेऊन सोडण्याची त्यांनीं विचारणा केली, तेव्हां हें बिंग फुटलें. पुढें कोर्टांत त्यांनीं गुन्हा कबूल केला व दंड भरला. दंडाची रक्कम त्यांच्या दृष्टीनें किरकोळ असेल. परंतु गांवकऱ्यांच्या संतापाचें कारण पैशांत मोजण्यासारखें नव्हतें. लसीच्या सुईआड आलेलीं तीं दोन माणसें अलगपणाचा नियम मोडून आलीं होतीं; गांवांतील वृद्धांसाठीं मांडलेल्या दालनांत तींच रोग घेऊन आलीं असतीं तर?

आरशाला बिल्ला लावून निमूटपणें चोवीस तासांत यूकॉन ओलांडणाऱ्या कुटुंबाची किंमत या गोष्टीवरून कळते. त्यांना सरोवराकांठीं मुक्काम करतां आला नाहीं, वॉटसन लेकच्या पाट्यांत आपली पाटी ठोंकतां आली नाहीं. मुलांची निराशा झाली असेल. शिक्षा म्हणून त्यांना हा निर्बंध सोसावा लागला नव्हता. ज्यांच्या दारावरून आपण जात आहों, त्यांच्या घरांतील वृद्धांसाठीं तें दिलेलें एक देणें होतें. १९४२ सालीं तें कोणी मागितलें नाहीं आणि कोणी दिलें नाहीं.

लस घेतलेल्या अमेरिकन प्रवाशांना ९ ऑगस्ट २०२१ पासून कॅनडाचीं नाकीं पुन्हां मोकळीं झालीं. आरशावरचे बिल्ले गेले, सरोवरांकाठीं घरगाड्या उभ्या राहूं लागल्या, आणि वॉटसन लेकच्या खांबांवर नव्या पाट्या चढूं लागल्या. सांथ पुन्हां केव्हां तरी येईल, आणि सडक पुन्हां अडवावी लागेल. त्या वेळीं नाक्यावर थांबविलेल्या एखाद्या कुटुंबास राग आला, तर त्यानें ब्रेव्हिग मिशनचे ते पांच दिवस आणि टेस्लिनच्या त्या आठ सांथी आठवाव्या, म्हणजे पुढील अंतर काटणें त्यास जड जाणार नाहीं.